डिप्रेशनवर चुंबकाचा उपचार: वाचकांचे प्रश्न

पत्नीला दोन वर्षांपासून डिप्रेशन आहे. दोन औषधं देऊन झाली, आता डॉक्टर टीएमएस (चुंबकाने मेंदूला चालना देण्याचा उपचार) सुचवतात. सासरे म्हणतात, ‘माझ्या मुलीला शॉक द्यायचा नाही.’ (सातारा)

सासऱ्यांना सांगा, हा शॉक नव्हे. शॉक म्हणजे ईसीटी. त्यात भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. टीएमएसमध्ये ती येऊ नये याचीच काळजी घेतात. पत्नी खुर्चीत जागी बसलेली असेल. सुरुवातीला डॉक्टर डोक्यावर कॉइल (चुंबकीय क्षेत्र तयार करणारं तारेचं वेटोळं) थोडी थोडी सरकवत तिच्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहतील. कमीत कमी किती जोर लावला की अंगठा उडतो, त्यावरून तिचा डोस ठरतो. मग कॉइल पुढे, डाव्या कपाळाच्या वरच्या बाजूला नेतात. मेंदूचा तिथला भाग नैराश्यात अनेकदा मंदावलेला असतो. अंगठा न बघता सरसकट एकच डोस लावणारं सेंटर असेल, तर सरळ उठून या.

नेहमीच्या पद्धतीत एक बैठक सुमारे ३७ मिनिटांची. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. ‘थीटा बर्स्ट’ नावाची पद्धत तीन मिनिटांत उरकते आणि कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) ती जुनीपेक्षा कमी पडली नाही. आठवडे मात्र तेवढेच. रोज साताऱ्याहून पुण्याला जाणार असाल तर खुर्चीतला वेळ वाचेल, एसटीतला नाही. कुठे राहायची सोय होते का, ते आधी बघा.

माझा मेंदूचा एमआरआय झालाय. तोही चुंबकच ना? मग मूड का नाही सुधारला? (नाशिक)

प्रश्न आवडला! ताकद साधारण सारखीच असते, दीड-दोन टेस्लाच्या घरात. पण एमआरआयचं मुख्य चुंबकीय क्षेत्र स्थिर असतं. टीएमएसचं क्षणार्धात उसळतं आणि विरतं. या झपाट्याच्या बदलामुळेच मेंदूत कवटीखाली दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत बारीक करंट तयार होतो. संशोधक अँथनी बार्कर यांनी १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला हे करून दाखवलं. नैराश्यासाठी अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता मिळायला २००८ उजाडलं.

टीएमएस घेतलं की गोळ्या बंद होतात का? (ठाणे)

बहुतेकांच्या लगेच होत नाहीत. मनाने तर बंद करूच नका. गोळ्यांनी उतार न पडलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना यात चांगला फरक जाणवतो आणि सुमारे एकतृतीयांश लोकांची लक्षणं जवळपास जातात. खोटी कॉइल लावून तुलना केलेल्या चाचण्यांत फायदा याहून कमी दिसतो, म्हणून ‘शंभर टक्के गॅरंटी’वाल्या जाहिरातीला भुलू नका. बरं वाटल्यावर काही महिन्यांनी आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, तेव्हा पुन्हा बैठका देता येतात. त्रास म्हणाल तर डोकं दुखणं, टाळूला टोचणं, तेही हळूहळू कमी होतं. फिट क्वचितच येते, हजारात एकाहूनही कमी जणांना. रात्रभर जागरण झालं असेल किंवा दारू घेतली असेल तर बैठकीआधी सांगा, लपवू नका.

वडील ६८ वर्षांचे. जेवण सोडलंय, ‘मी पापी आहे, मला पोलीस नेणार’ असं म्हणतात, मरणाच्या गोष्टी करतात. शॉकची भीती वाटते, टीएमएस चालेल? (लातूर)

नाही. त्यांच्यासाठी थांबायला वेळ नाही. खाणंपिणं सुटलेलं, भ्रम, आत्महत्येचे विचार, अशा अवस्थेत ईसीटी जास्त परिणामकारक आणि वेगवान आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला बंदी आहे, तेव्हा सिनेमातलं दृश्य डोक्यातून काढा. आजच मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात न्या, तोवर एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

केस कापावे लागतात का? दाताला कॅप आहे, चालेल? (पणजी)

केस कापायचे नाहीत, फक्त क्लिपा आणि कानातले काढून ठेवायचे. साध्या कॅपची अडचण नसते. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीवर बसवलेली धातूची क्लिप असेल तर टीएमएस टाळतात. पेसमेकर असल्यास आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. बैठकीला मात्र कानात बोळे मागून घ्या, कॉइल चांगलीच टकटक करते.