शिफ्टर घेण्याआधी मागचं चाक तपासा

स्वस्त रोड बाइकला नवे ब्रेक-शिफ्टर, म्हणजे ब्रेक आणि गिअर दोन्ही चालवणारे लिव्हर, बसवायचे असतील तर आधी हे पाहा. अशा बाइकच्या मागच्या चाकावर बहुधा ७ गिअरचं, हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसवलेलं फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा संच) असतं. अशा हबवर कॅसेट (खाचांवर सरकवून बसवायचा चकत्यांचा संच) बसत नाही, म्हणजे शिमानो कंपनीच्या ८ गिअरच्या क्लॅरिस संचासाठी बहुधा चाकच बदलावं लागतं. पुढे दोन चकत्या आणि डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारे भाग) शिमानोचे असतील, तर ७-स्पीडचे शिमानोचेच टूर्नी ए०७० ब्रेक-शिफ्टर पुरे, माझं मत तेच. व्ही-ब्रेक (रिमच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्या असलेले ब्रेक) असतील तर मात्र नको. हे लिव्हर त्यांना पुरेशी तार खेचत नाहीत.

तारा आणि आउटर (तारेवरचं आवरण) नव्याच घाला. गिअरची आउटर ब्रेकला कधीही लावू नका, जोरात ब्रेक दाबला की फुटू शकते! आउटरचं कापलेलं तोंड सुईने गोल उघडा, तार तिथेच घासते. साखळी मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरली, तर बॅरल अॅडजस्टर (तारेचा ताण कमी-जास्त करणारा फिरता स्क्रू) पाव-पाव फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा.