सराव सामन्यांचे निकाल किती मनावर घ्यावेत?

प्रश्न : हंगामापूर्वीच्या मैत्रीपूर्ण सामन्यांवरून फुटबॉल संघाचा अंदाज बांधता येतो का?

उत्तर : निकालावरून तो बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै २०२२ मध्ये बँकॉकला मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला ४-० असे नमवले, तेव्हा चाहते हरखून गेले. परंतु लिव्हरपूलने त्या एका सामन्यात जवळजवळ तीन संघ खेळवून पाहिले होते. ऑगस्टमध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग ही मुख्य साखळी स्पर्धा सुरू होताच युनायटेड ब्रायटनकडून १-२ आणि ब्रेंटफर्डकडून ०-४ असे हरले. ब्रेंटफर्डविरुद्ध तर साधा फटका युनायटेडचा गोलरक्षक डे हेआच्या हातांखालून निसटला. मार्च २०२३ मध्ये लिव्हरपूलने युनायटेडला ७-० असे हरवले. सराव सामन्यात गोलफलकापेक्षा खेळाडूंचा दमसास आणि बचावफळीतील समन्वय पाहावा.