हात बघ त्याचे

तुझा मेसेज रात्री पावणेदोनचा आहे आणि मी तो सकाळी चहा गाळताना वाचला, म्हणून उत्तराला उशीर. तर त्या ऑडिशनवाल्याने तुला सांगितलं की चेहरा कॅरेक्टर रोलचा आहे, लीडचा नाही, आणि तू ते मनाला लावून घेतलंस. आणि त्याच मेसेजमध्ये दोन ओळी सोडून खाली विचारतोयस की ताई पंधरा दिवस सुट्टी आहे, ॲक्टिंग शिकायला कुणाचे पिक्चर बघू. दोन्हीचं उत्तर एकच आहे बाबा, जीन हॅकमन ह्या अमेरिकन नटाचे बघ.

आधी चेहऱ्याचं मिटवू. हॅकमन १९३० चा जन्म, सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून अमेरिकन मरीन्समध्ये शिरला, तिथून सुटल्यावर इकडेतिकडे करत कॅलिफोर्नियात पॅसाडिना प्लेहाऊसला नाटक शिकायला गेला तेव्हा बरोबरचे सगळे त्याच्याहून लहान. तिथे त्याला आणि त्याच्या एका मित्राला वर्गाने मिळून 'हे दोघं काही नाव काढणार नाहीत' असा किताब दिला होता. तो मित्र म्हणजे डस्टिन हॉफमन. पुढे दोघंही न्यूयॉर्कला गेले, हॉफमन काही दिवस हॅकमनच्या स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायचा, आणि हॅकमन कधी दारवान, कधी ट्रक ड्रायव्हर, कधी लोकांचं फर्निचर चढवउतार कर असं करत होता. १९६७ साली 'द ग्रॅज्युएट'मध्ये त्याला मिस्टर रॉबिन्सनचा रोल मिळाला आणि तालमी चालू असताना दिग्दर्शक माइक निकोल्सने काढून टाकलं, त्या रोलला तो वयाने लहान दिसतो म्हणून. त्याच सिनेमात हॉफमन हिरो होता आणि रातोरात स्टार झाला. कल्पना कर, आपल्या किचनमध्ये झोपणारा पोरगा कुठे पोचला आणि आपण घरी. पण त्याच वर्षी 'बॉनी अँड क्लाइड' आला, त्यातल्या क्लाइडच्या भावाच्या रोलसाठी ह्याला ऑस्करचं पहिलं नॉमिनेशन मिळालं, आणि ऑस्कर हातात आलं तेव्हा तो बेचाळीसचा होता. तू तेवीसचा आहेस. आणि त्या निकोल्सनेच नंतर त्याला दोन सिनेमांत घेतलं, त्यातला १९९६ चा 'द बर्डकेज' बघ, सनातनी सिनेटर झालाय आणि शेवटी बायकी कपडे, विग, लिपस्टिक घालून पळ काढायची वेळ येते त्याच्यावर, आणि तेव्हाही त्याचा चेहरा सिनेटरचाच. हसून मरशील.

आता खरं सांगू का, त्या ऑडिशनवाल्याचं चेहऱ्याबद्दलचं सोड, पण तुझ्यात एक घोळ आहेच आणि तो मी तालमीत दहा वेळा ओरडून सांगितलाय. तुझे हात. तुझा डायलॉग असतो तेव्हा हात कापडाच्या दुकानात थान उलगडून दाखवल्यासारखे चालतात आणि डायलॉग संपला की खिशात. म्हणजे समोरचा बोलत असतो तेव्हा तू तिथे नसतोसच, पुढच्या क्यूची वाट बघत उभा असतोस. मी पण अशीच होते, पहिल्या वर्षी एका एकांकिकेत मला बेसिनपाशी भांडी घासत बसायचं होतं आणि मी एकच पातेलं नऊ मिनिटं घासलं, प्रेक्षकात कुणीतरी म्हणालं अगं झालं आता स्वच्छ. म्हणून तुला हॅकमन सांगतेय. त्याचे सिनेमे बघताना चेहऱ्याकडे नंतर बघ, पहिल्यांदा हात बघ.

हे माझं काही शास्त्र नाही, पण त्याच्याच आयुष्यात त्याचं मूळ आहे. तेरा वर्षांचा असताना तो रस्त्यात खेळत होता, वडील गाडीतून जाताना त्यांनी नुसता हात हलवला आणि गेले, घर सोडून. ना काही बोलणं ना थांबणं. म्हातारपणी मुलाखतीत त्याने हे सांगितलंय, की एका छोट्या हातवाऱ्यात किती काय असू शकतं हे त्या दिवशी कळलं आणि कदाचित त्यामुळेच मी नट झालो. मला हे वाचल्यापासून त्याचे सिनेमे वेगळेच दिसायला लागले.

सुरुवात 'द फ्रेंच कनेक्शन'ने कर, १९७१, विल्यम फ्रीडकिनचा. सगळे तुला त्यातला पाठलाग सांगतील, वर उन्नत रेल्वे आणि खाली ब्रुकलिनच्या रस्त्यातून बेफाम गाडी, तो आहेच भारी, पण ते बरंचसं काम स्टंट ड्रायव्हरचं आणि एडिटरचं. तू थंडीतला सीन बघ. डॉइल नावाचा पोलीस म्हणजे हॅकमन रस्त्यावर उभा आहे, समोरच्या महागड्या हॉटेलात तो फ्रेंच स्मगलर आरामात एकेक कोर्स जेवतोय, आणि हा बाहेर पाय आपटत, हात चोळत पिझ्झाचा तुकडा खातोय, कॉफी इतकी वाईट की ओतून देतो. एक शब्द नाही. पण त्या माणसाचा अख्खा जळफळाट, पगार, हट्ट, सगळं त्या पिझ्झा खाण्यात आहे. त्याला स्वतःला हा रोल झेपत नव्हता बरं का, ज्या खऱ्या पोलिसावरून हे पात्र घेतलं तो एडी इगन तोंडाचा फार घाण, वर्णद्वेषी, आणि ते शब्द हॅकमनच्या तोंडून निघेनात, सुरुवातीच्या दिवसांत तो सिनेमा सोडायला निघाला होता. सोडला नाही, आणि त्यालाच बेस्ट ॲक्टरचं ऑस्कर. तुला पण नाटकातलं ते सावकाराचं पात्र 'निगेटिव्ह आहे, मला जमणार नाही' वाटतंय ना, म्हणून हे लिहिलं.

मग 'द कॉन्व्हर्सेशन', १९७४, कोपोलाचा. हा माझा सगळ्यात लाडका आणि ह्याच्यासाठी त्याला ऑस्करचं साधं नॉमिनेशनसुद्धा नाही, असो. फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलला मात्र ह्या सिनेमाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. हॅरी कॉल नावाचा माणूस, धंदा दुसऱ्यांचं बोलणं चोरून रेकॉर्ड करायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये गर्दीत फिरणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं तो टेप करतो आणि मग अर्धा सिनेमा तेच तेच परत ऐकत बसतो. लक्षात घे, हिरो करतो काय तर ऐकतो! आणि तरी तू हलणार नाहीस जागचा. टेप मागे घेतो, पुढे नेतो, बटणं फिरवतो, त्याची बोटं एकदम तरबेज आहेत, आपल्या गल्लीतल्या घड्याळवाल्यासारखी, आणि तीच बोटं माणसं जवळ आली की काय करावं ते न कळून बावचळतात. अंगात कायम एक पातळ पारदर्शक रेनकोट, पाऊस असो नसो. टेपमध्ये एक वाक्य आहे, संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल, अशा अर्थाचं. जोर 'मारून' वर आहे की 'आपल्याला' वर ह्याने अर्थ उलटापालटा होतो आणि सगळा सिनेमा त्या जोरावर उभा आहे. तू पाठांतर करताना सगळ्या शब्दांवर सारखाच जोर देतोस, मग मी म्हणते रेल्वेची अनाउन्समेंट झाली, ते हेच.

आणि शेवट (सांगून टाकते, पन्नास वर्षं झाली सिनेमाला, आता कसला स्पॉइलर) आपल्याच घरात कुणीतरी माइक लपवलाय म्हणून तो आख्खं घर उखडतो, फळ्या, भिंतीचा कागद, सगळं. वाटेत मदर मेरीची छोटी मूर्ती येते. धार्मिक माणूस आहे तो, आधी तिला सोडून देतो, मग घुटमळतो, आणि मग फोडतो. ते घुटमळणं रिमोट हातात घेऊन तीनदा बघ. तिथे दुसरा कुणी असता तर डोळ्यात पाणी आणलं असतं, किंचाळला असता, बॅकग्राउंडला व्हायोलिन आलं असतं.

त्याच वर्षी त्याने 'यंग फ्रँकेनस्टाइन'मध्ये पाच मिनिटांचा आंधळा बाबाजी केला, राक्षसाला पाहुणा समजून गरम सूप त्याच्या मांडीवर ओततो आणि सिगार पेटवायला जाऊन त्याचा अंगठा पेटवतो. कॉमेडी करताना तो कॉमेडी करत नाहीये हे बघ, तो मनापासून पाहुणचार करतोय. तुमच्या ग्रुपमध्ये हशा वसूल करायला नाक मुरडणारे दोन जण आहेत, नावं घेत नाही, त्यांना हा सीन पाठव.

'स्केअरक्रो' (१९७३) जरा धीराने बघ, संथ आहे, अल पचिनो बरोबर, दोघं भटके रस्त्याच्या कडेला भेटतात आणि पचिनोकडची शेवटची काडी ह्याच्या चिरुटासाठी जाते, बस, तिथून दोस्ती. हॅकमन अंगावर एकावर एक कपडे चढवून वावरतो आणि शेवटी तिकिटाला पैसे कमी पडतात म्हणून बूट काढून त्यात दडवलेली नोट काढतो, मग तो बूट काउंटरवर ठोकतो. मी ह्याबद्दल जास्त लिहीत नाही कारण मला रडू येतं आणि ऑफिसला जायचंय.

मधले भराभर सांगते. 'सुपरमॅन'मधला व्हिलन लेक्स ल्यूथर मजेचा, पण त्यातून शिकायला फार नाही. 'मिसिसिपी बर्निंग' (१९८८) मध्ये तो जबरदस्त आहे, न्हाव्याच्या खुर्चीत तिथल्या डेप्युटीला, म्हणजे पोलिसाला, धरतो तो सीन बघच, पण सिनेमा म्हणून माझं भांडण आहे, १९६४ मधल्या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांच्या खुनांची गोष्ट आणि त्यात काळी माणसं नुसती सोसणारी आणि एफबीआयवाले गोरे तारणहार, तेव्हाही ह्यावर टीका झाली होती आणि ती बरोबरच होती. 'क्रिमझन टाइड' (१९९५) पाणबुडीतला, डेन्झेल वॉशिंग्टन समोर, दोन नट एकमेकांना जागा कशी देतात ते बघायला उत्तम. आणि २००४ चा शेवटचा 'वेलकम टू मूसपोर्ट' बघू नकोस, मी बघितलाय, तेवढं पुरे. त्यानंतर त्याने सिनेमात अभिनय केलाच नाही, न्यू मेक्सिकोत सांता फेला राहून कादंबऱ्या लिहीत बसला, २०२५ च्या फेब्रुवारीत ९५ वर्षांचा होऊन गेला.

पण 'अनफर्गिव्हन'वर थांब. १९९२, क्लिंट ईस्टवुडचा. हॅकमनने आधी नकार दिला होता, हिंसा फार झाली आता, मुलींनाही त्याचे असले सिनेमे आवडत नव्हते. ईस्टवुडने पटवलं की हा सिनेमा हिंसेच्या बाजूचा नाही, आणि दुसरं ऑस्कर त्याला ह्यानेच दिलं. ह्यात तो लिटल बिल नावाचा शेरीफ, म्हणजे गावचा पोलीस प्रमुख. माणसांना चाबकाने फोडतो, पण घरी जाऊन काय करतो तर स्वतःच्या हाताने घर बांधतोय. आणि सुतारकाम इतकं भिकार की घरात एक कोन सरळ नाही, पाऊस आला की छप्पर दहा ठिकाणी गळतं आणि हा खाली भांडी मांडत फिरतो. ज्या हातांनी दुपारी माणसाला लोळवलं तेच हात रात्री गळतीखाली पातेलं सरकवतायत, आणि चेहऱ्यावर कुठेही 'मी व्हिलन आहे' नाही, त्याला खरंच वाटतंय की आपण गाव सरळ ठेवतोय आणि म्हातारपणी ओसरीत बसून सूर्यास्त बघायचा तेवढा बाकी आहे. तुझा सावकार असा शोध. तो घरी गेल्यावर काय करतो? मला लिहून दे, एक पानभर, संहितेत नसलेलं.

'द रॉयल टेननबॉम्स' (२००१) पण ह्याच कारणासाठी, घर सोडून गेलेला लबाड बाप परत येतो, तो रोल दिग्दर्शक वेस अँडरसनने ह्याच्यासाठीच लिहिला आणि हा करायला तयार होईना. बाप निघून गेलेल्या पोराने म्हातारपणी निघून गेलेला बाप केलाय हे डोक्यात ठेवून बघ. शेवटाकडे मोठा मुलगा इतकंच म्हणतो की हे वर्ष फार वाईट गेलं बाबा, आणि हा एका छोट्या वाक्यात, मला माहितीय रे, एवढंच म्हणतो.

हॉफमनचं राहिलं. किचनमधल्या त्या दिवसांनंतर चाळीसेक वर्षांनी, २००३ मध्ये, 'रनअवे ज्युरी'त ते दोघं पहिल्यांदा एकत्र आले, सिनेमा ठीकठाक आहे पण कोर्टाच्या बाथरूममध्ये दोघांचा एक सीन आहे, तेवढ्यासाठी लाव.

आणि तुझी शेवटची तक्रार, की स्पर्धेच्या प्राथमिक फेरीपर्यंत ठीक होतं पण फायनल त्या मोठ्या थेटरात आहे, एवढं स्टेज बघूनच पोटात गोळा येतो. 'हूझियर्स' (१९८६) बघ. इंडियानातल्या खेड्यातली बास्केटबॉल टीम, १९५४ च्या मायलन हायस्कूलच्या खऱ्या टीमवरून सुचलेली, राज्याच्या फायनलला शहरातल्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये येते आणि पोरं तोंड उघडून वर बघत राहतात. कोच म्हणजे हॅकमन भाषण देत नाही. मोजायचा टेप काढतो आणि पोरांनाच मोजायला लावतो, फ्री थ्रोची लाइन १५ फूट, मग बुटक्या पोराला दुसऱ्याच्या खांद्यावर बसवून रिंगची उंची, १० फूट. आपल्या गावच्या जिममध्ये जेवढं आहे तेवढंच. स्वतः फक्त उभा आहे, हात लावत नाही कशाला.

शनिवारी चारला थेटर बघायला सोडतायत, मी वॉचमनशी बोललेय. तू ये, आणि येताना बाबांकडचा मोठा टेप आण, माझा पाच मीटरचाच आहे.