ध्वनिमुद्रणातून पर्यावरणातील बदल खरोखर ऐकू येतो का?

आपण विचारले आहे की, निसर्गातील आवाज टिपून त्यांतून ध्वनिकलाकृती घडवणारे कलावंत पर्यावरणातील बदल दाखवतात असे म्हणतात, तर तो बदल ऐकणाऱ्याला खरोखर कळतो का, की ते केवळ पाखरांच्या आवाजांचे सुखद संगीत असते. आणि नागपुरात राहून, जंगलात वारंवार जाणे शक्य नसताना, असे काही करता येईल का. मी २०१९ पासून नागपूर आणि परिसरात हेच काम करत आहे, म्हणून दोन्ही प्रश्नांना थोडे सविस्तर उत्तर देतो.

बदल ऐकू येतो, परंतु तो कळण्यासाठी किमान दोन ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी ठेवावी लागतात. गोरेवाड्याच्या कडेला पहाटे टिपलेली दयाळ पक्ष्याची शीळ कितीही गोड असली, तरी तेवढ्यावरून तिथे काय वाढले आणि काय घटले हे कोणालाही सांगता येणार नाही. त्याच जागी, त्याच ऋतूत, त्याच वेळेला, तीच उपकरणे त्याच पद्धतीने लावून पुन्हा पुन्हा जावे लागते. माझ्या मते या कलेतील सर्वांत मोठे काम हे परत जाणेच आहे. जुळवणी, मांडणी आणि सभागृहातील सादरीकरण त्यानंतर येते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बर्नी क्राउझ या अमेरिकी ध्वनिमुद्रकाचे आहे. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेत लिंकन मेडो नावाचे एक कुरण आहे. तिथल्या जंगलात निवडक वृक्षतोड होणार होती, म्हणजे सरसकट झाडे न पाडता मधूनमधून काही झाडे काढायची होती, आणि त्याने पर्यावरणाला धक्का लागणार नाही असे स्थानिकांना सांगण्यात आले होते. क्राउझ यांनी १९८८ मध्ये तोडीपूर्वी तिथली पहाट मुद्रित केली आणि वर्षभराने, तोड झाल्यानंतर, त्याच ठिकाणी पुन्हा मुद्रित केली. छायाचित्रात कुरण पूर्वीसारखेच दिसत होते. ध्वनिमुद्रणात मात्र पक्ष्यांचा तो दाट मेळ उरला नव्हता; ओढ्याचे पाणी आणि एका सुतारपक्ष्याची ठकठक एवढेच ठळकपणे ऐकू येत होते. पुढच्या पंचवीस वर्षांत आपण पंधरा वेळा तिथे गेलो, पण पूर्वीचा मेळ परतलेला नाही, असे त्यांनी २०१३ मधील एका व्याख्यानात सांगितले. डोळ्यांना न दिसलेला बदल कानांनी पकडला, याहून स्पष्ट दाखला माझ्या माहितीत नाही.

क्राउझ यांनी एखाद्या जागेच्या आवाजांचे तीन गट केले आहेत: वारा, पाऊस, पाणी यांचे आवाज म्हणजे जिओफोनी, सजीवांचे आवाज म्हणजे बायोफोनी आणि माणसाने निर्माण केलेले आवाज म्हणजे अँथ्रोपोफोनी. त्यांचे म्हणणे असे आहे की, जुन्या आणि निरोगी अधिवासात प्रत्येक प्राणी ध्वनीच्या पट्ट्यातील किंवा वेळेतील आपापली जागा धरून असतो. पंगतीत जसे प्रत्येकाचे पान मांडलेले असते, तसेच हे आहे. रातकिडे वरच्या पट्टीत, बेडूक खालच्या पट्टीत, पक्षी मधल्या जागेत. एखादी जात नाहीशी झाली की तिचे पान रिकामे राहते, आणि संगणकावर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचे वेळेनुसार उमटलेले चित्र, उघडले की ती रिकामी जागा दिसूही लागते.

आता माझ्या स्वतःच्या जागेबद्दल सांगतो. शहराच्या दक्षिणेला, ले-आउटचे दगड जिथे संपतात तिथे, पावसाळ्यात पाणी साचणारा एक खोलगट भाग आहे. मृग लागल्यानंतर पहिला मोठा पाऊस पडला की त्याच संध्याकाळी साडेसातला मी एका बाभळीखाली दोन मायक्रोफोन लावतो आणि तासभर बाजूला बसून राहतो. या दिवसांत मोठ्या बेडकांचे नर हळदीसारखे पिवळे होतात आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतात. २०१९ च्या ध्वनिमुद्रणात त्यांचा जाड, तुटक आवाज आहे, त्याच्यावर नखाएवढ्या बेडकांची किरकिर आहे, आणि दूर कुठेतरी पावशा पक्षी अंधार पडल्यावरही ‘पेरते व्हा’ म्हणतो आहे.

२०२२ मध्ये त्या खोलगट भागाच्या एका बाजूला मुरूम पडला. त्या वर्षी ओरडणारे बेडूक होते, पण सगळे एकाच बाजूला सरकलेले होते. दोन कानांना दोन बाजू ऐकू येतील अशा पद्धतीने मुद्रण केलेले असल्यामुळे डावीकडची पोकळी हेडफोनवर सहज जाणवते. पुढच्या वर्षी जवळच मोटारपंप बसला, आणि तेव्हापासून माझ्या स्पेक्ट्रोग्रामवर १०० हर्ट्‌झच्या आसपास एक सरळ आडवी रेघ आहे, जी तासभर एकदाही तुटत नाही. जवळच्या रस्त्यावरून टिपर, म्हणजे माल वाहणारा ट्रक, गेला की सगळे बेडूक एकदम थांबतात. मग बराच वेळ काहीच नसते. नंतर रस्त्यापासून सर्वांत लांबचा एक नर सुरू करतो, त्याला दुसरा साथ देतो, आणि मेळ पुन्हा बांधला जात असतानाच पुढचा टिपर येतो. हा थांबण्याचा आणि पुन्हा सुरू होण्याचा भाग मी माझ्या कलाकृतीत एक सेकंदही न कापता ठेवला आहे, कारण रस्ता काय करतो हे मला त्याहून नेमके सांगता येत नाही.

इथे माझ्या हातून झालेल्या दोन चुका सांगणे आवश्यक आहे. पहिल्या दोन वर्षांत मी यंत्रातील आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद केली नव्हती. त्यामुळे शांत क्षण यंत्राने स्वतःहून मोठे केले आणि मोठे आवाज दाबले. त्या दोन वर्षांत बेडूक किती जोरात ओरडत होते हे मला आज कोणत्याही उपायाने काढता येत नाही. दुसरी चूक अधिक गंभीर होती. एका सादरीकरणासाठी मी ट्रकचा घरघराट गाळून टाकला आणि गाळलेली फाइल मूळ फाइलवरच जतन केली. ऐकायला ती सुंदर झाली, पण त्या संध्याकाळची साक्ष कायमची गेली. ते ध्वनिमुद्रण मी तेव्हापासून कुठेही वापरलेले नाही. पर्यावरणाविषयीच्या कलाकृतीतून माणसाचा आवाज पुसणे हे मला आता खोटेपणाचे वाटते, आणि केवळ स्वच्छ, निर्मळ जंगल ऐकवणाऱ्या कलाकृतींवरचा आपला आक्षेप मला त्यामुळेच रास्त वाटतो.

सर्वच ध्वनिकला मात्र तशी नाही. स्कॉटलंडच्या कलावंत केटी पॅटरसन यांनी २००७ मध्ये आइसलँडच्या वात्नायोकुल हिमनदीच्या पायथ्याशी असलेल्या सरोवरात पाण्याखाली चालणारा मायक्रोफोन सोडला आणि तो एका फोन क्रमांकाला जोडला. जगातून कोणीही तो क्रमांक फिरवला की त्या क्षणी वितळणारे बर्फ थेट ऐकू येत असे. त्यात कलावंताने सूर लावलेला नाही आणि शब्दही घातलेला नाही. एक मनुष्य फोन कानाला लावून पाणी ऐकतो, इतकेच आहे, आणि तरीही त्या रचनेत फार मोठा विचार आहे असे मी मानतो.

आता नागपूरच्या घरातून काय करता येईल, हा आपला दुसरा प्रश्न. पुष्कळ करता येईल. मी माझ्या गच्चीवरून महिन्यातून दोनदा पहाटे पाच वाजता वीस मिनिटे मुद्रण करतो, आणि त्यातील सर्वांत महत्त्वाचा आवाज पक्ष्याचा नाही, कूलरचा आहे. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत पहाटेसुद्धा कूलर चालू असतात हे आपण इतके गृहीत धरतो की तो आवाज ऐकतच नाही. पंख्याची घरघर, खसवरून ठिबकणारे पाणी आणि छोट्या पंपाची कुरकुर मिळून जवळजवळ सगळी पट्टी व्यापतात, आणि नवतप्याच्या, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत तांबट पक्ष्याची टुकटुक त्यातून जेमतेम वर येते. वर्षात पहिला कूलर कोणत्या पहाटे ऐकू आला आणि शेवटचा कधी थांबला, याची मी वहीत नोंद ठेवतो. थर्मामीटर उष्णता सांगतो. ती उष्णता माणसांना कधीपासून सोसवेनाशी झाली, हे कूलर सांगतात. गेल्या काही वर्षांत माझ्या गल्लीत कूलर कमी होऊन एसीची बाहेरची यंत्रे वाढली आहेत आणि पहाटेचा आवाज अधिक खालच्या पट्टीत उतरला आहे. घरातील गारवा विकत घेण्याची ही नवी पद्धत बाहेरच्या हवेत उष्णता सोडते, आणि तीच उष्णता पुढच्या उन्हाळ्यात आणखी यंत्रे बसवायला लावते, हे सगळे एका गच्चीवरून ऐकता येते.

याच संग्रहात एप्रिल २०२० चे मुद्रण आहे. टाळेबंदीत प्रवासी गाड्या आणि विमाने बंद होती, मालगाड्या तेवढ्या धावत होत्या. नेहमी नागपूरवरून चारही दिशांना जाणाऱ्या विमानांचा जो हलका गडगडाट आकाशात असतो, तो त्या वीस मिनिटांत नाही, आणि मालगाडीची शिटी एरवीपेक्षा कितीतरी लांबून ऐकू येते. त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संशोधकांना असे आढळले की, रहदारी थांबल्यावर तिथल्या पांढऱ्या डोक्याच्या चिमण्या हळू आवाजात आणि खालच्या सुरांपर्यंत उतरून गाऊ लागल्या. त्याआधी २००३ मध्ये नेदरलँड्सच्या लायडन शहरात संशोधक हान्स स्लाबेकोर्न आणि त्यांच्या सहकारी यांनी दाखवले होते की, गोंगाटाच्या भागातील ग्रेट टिट पक्षी आपले खालचे सूर वर चढवतात, कारण रहदारीचा आवाज खालच्या पट्टीत असतो. माझ्या गल्लीतील दयाळ असेच काही करतो का, हे पाहण्यासाठी टाळेबंदीतील मुद्रण ही माझ्याकडील एकमेव तुलनेची वस्तू आहे, आणि तेव्हा ते मी केवळ शांतता आवडली म्हणून केले होते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. एखादा आवाज ऐकू आला नाही म्हणजे तो प्राणी गेला, असे लगेच म्हणू नये. वारा असला, आदल्या दिवशी पाऊस झाला नसला, थंडी लांबली, तरी आवाज बदलतात. रातकिड्यांच्या किरकिरण्याचा वेग तर थेट तापमानाप्रमाणे कमी-जास्त होतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डोल्बेअर यांनी त्याचे सूत्रच १८९७ मध्ये मांडले होते. म्हणून किमान चार-पाच ऋतू हाताशी येईपर्यंत मी कोणत्याही निष्कर्षाला कलाकृतीचे शीर्षक देत नाही.

सुरुवातीला महागडे उपकरण नको. वाऱ्यापासून संरक्षणासाठी मायक्रोफोनवर केसाळ आवरण असलेले साधे रेकॉर्डर पुरते. फोनही चालतो, फक्त त्यातील आवाज साफ करणारी सोय बंद करावी. मुद्रण ‘वेव्ह’ स्वरूपात, म्हणजे आवाज न आवळता जतन होणाऱ्या फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्‌झ या नमुना-वेगावर (सॅम्पल रेट) ठेवावे आणि पातळी एकदा ठरवून हाताने लावावी. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी त्याचाच मुद्रित आवाज वाजवू नये. विणीच्या काळात त्याने नराची धावपळ होते आणि घरट्याकडे दुर्लक्ष होते. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्यासारख्या संरक्षित वनात यंत्र ठेवायचे असल्यास वन विभागाची परवानगी आधी घ्यावी. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, वेळ, जागा, वारा आणि शेवटचा पाऊस कधी झाला, हे आपल्याच आवाजात बोलून ठेवावे, कारण वह्या हरवतात.

आणि मूळ फाइलची एक प्रत घराबाहेर ठेवावी. २०१७ च्या वणव्यात क्राउझ यांचे घर जळाले, तेव्हा मूळ फिती गेल्या, पण दुसरीकडे ठेवलेल्या प्रतींमुळे आवाज वाचले. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून एका रात्रीत वस्त्यांमध्ये पाणी शिरले, त्यानंतरच्या आठवड्यातच मी माझी दुसरी डिस्क वर्ध्याला बहिणीकडे नेऊन ठेवली आणि आता दर दिवाळीला तिच्यात त्या वर्षीची भर घालतो.