पापणी पडल्याचं ऑपरेशन झालंय, आता तो स्नायू सुधारतोय की नाही हे घरी कसं बघायचं?

तुम्ही लिहिलंय की डाव्या पापणीचं ऑपरेशन होऊन ३ आठवडे झालेत, सकाळी पापणी बरी असते, संध्याकाळी खाली येते, आणि आता चांगली असलेली उजवीच पडल्यासारखी दिसते. स्नायूला व्यायाम द्यायचा का, हेही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण गेल्या वर्षी जूनमध्ये पुण्यातच माझ्या डाव्या पापणीचं हेच ऑपरेशन झालं आणि पहिले दोन महिने मीही दिवसातून दहादा आरशासमोर उभी राहायचे. तेव्हा मला जे कुणी समजावून सांगायला हवं होतं, ते लिहिते.

आधी व्यायामाचं. नको. मलाही शेजारच्या काकूंनी पापणी उचल-सोड करायला आणि एरंडेल लावायला सांगितलं होतं, अगदी मायेनं सांगितलं होतं, पण त्यानं काही होत नाही. पापणी उचलणारा लिव्हेटर नावाचा स्नायू असतो आणि त्याचा पातळ पडद्यासारखा कंडरा, म्हणजे स्नायूचं चिवट टोक, पापणीच्या आतल्या कडक पट्टीला चिकटलेला असतो. मी २७ वर्षं सेमी-सॉफ्ट लेन्स वापरल्या. रोज रात्री पापणी बाजूला ताणून लेन्स काढायची, त्यात तो कंडरा सैल होत गेला. वयानंही असं होतं. बाजेची सुतळी ढिली झाली की ताणून पुन्हा बांधतात, तसं ऑपरेशनमध्ये कंडरा पुढे ओढून टाक्यांनी बसवतात. स्नायूची ताकद होती तेवढीच राहते, फक्त त्याची पकड बदलते. त्यामुळे आपण ज्याला ‘स्नायू सुधारणं’ म्हणतो ते प्रत्यक्षात सूज उतरणं, आतला टाका धरून राहणं आणि जखम पक्की होणं असतं. ज्यांची पापणी जन्मापासून पडलेली असते त्यांच्यात स्नायूच नीट घडलेला नसतो, तो कितीही व्यायामानं बळकट होत नाही.

स्नायूची खरी ताकद डॉक्टर मोजतात ती अशी: अंगठ्यानं भुवई दाबून धरतात, म्हणजे कपाळाला मदत करता येत नाही, मग पूर्ण खाली आणि पूर्ण वर बघायला लावून पापणीची कड किती सरकली ते पट्टीवर बघतात. १२ मिमी किंवा जास्त म्हणजे चांगली, ४ किंवा कमी म्हणजे फारच अशक्त. ऑपरेशनआधीच्या तुमच्या कागदावर हा आकडा असेल, तो शोधून ठेवा. किती सुधारणेची अपेक्षा ठेवायची हे बरंचसं त्यावरून कळतं. घरी मात्र ही मोजणी करू नका. ताज्या जखमेजवळ अंगठा दाबायचा नाही आणि पट्टी डोळ्याशी न्यायची नाही.

घरी फोटो काढा. सेल्फी नको, जवळून चेहरा वाकडातिकडा येतो. माझी लेक जरा लांबून, डोळ्याच्या पातळीत मोबाइल धरून फ्लॅशसह काढायची. हनुवटी सरळ, नजर कॅमेऱ्यात, कपाळ ढिलं. फ्लॅशचा ठिपका बाहुलीत चमकतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर हाच तुमचा आकडा. साधारण ४ ते ५ मिमी असेल तर ते नेहमीचं. डोळ्याशी पट्टी न नेता मिमी कसे काढायचे? मोठ्या माणसाच्या बुबुळाची, म्हणजे डोळ्यातल्या काळ्या-तपकिरी गोलाची, आडवी रुंदी सुमारे १२ मिमी असते. फोटो मोठा करून, मोबाइलच्या पडद्यावर पट्टी लावून बुबुळ ४८ मिमी भरलं तर फोटो चौपट झाला, म्हणजे ठिपका ते कड १४ मिमी आलं की खरं अंतर साडेतीन. यात अर्धा मिमी इकडेतिकडे होतोच, त्यामुळे एका फोटोवरून काही ठरवू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच खिडकीपाशी, एवढं पुरतं. रोज मोजलं की फक्त काळजी मोजली जाते, हे मी अनुभवानं सांगते.

कपाळाकडे मुद्दाम लक्ष द्या. पापणी पडलेली असताना आपण वर्षानुवर्षं भुवया उचलून बघत असतो आणि ती सवय ऑपरेशननंतर लगेच सुटत नाही. माझे पहिले तीन फोटो मला छान वाटले होते. डॉक्टरांनी ते बघून भुवयांवर बोट ठेवलं, दोन्ही कमानीसारख्या वर होत्या. ते फोटो निकामी ठरले. पुढे चौथ्या आठवड्यात रोज संध्याकाळी ठणकणारं कपाळ ठणकायचं थांबलं. मला पहिला खरा फरक तिथे जाणवला.

उजवी पापणी पडल्यासारखी दिसते त्यामागे बहुधा हे असेल: मेंदू दोन्ही पापण्यांना सारखाच हुकूम देतो. डावी पडलेली होती तोवर तो दोघींनाही जास्त जोर लावत होता. आता डावी वर आली, जोर कमी झाला, आणि उजवीत आधीपासून असलेला थोडा सैलपणा उघडा पडला. याला हेरिंगचा नियम म्हणतात. पुढच्या भेटीत हे नक्की विचारा, पण बिघाड झाला असं समजून रडू नका. मी रडले होते.

संध्याकाळी थोडी पापणी उतरणं ३ आठवड्यांत असू शकतं. सूज आहे, दमणूक आहे, आणि पापणीत म्यूलर नावाचा आणखी एक छोटा स्नायू असतो, तो एक-दोन मिमीचा आधार देतो आणि आपण दमलो की ढिला पडतो. माझं सांगायचं तर दुसऱ्या आठवड्यात ३ मिमी, सहाव्यात साडेतीन, गणपती आले तेव्हा ४, आणि तिथेच थांबलं. डॉक्टरही पुन्हा ऑपरेशन लागेल का हे बहुतेक वेळा तीनेक महिने जाऊ देऊन ठरवतात. पण उतार-चढाव फार मोठा असेल, एकाचे दोन दिसत असतील, गिळायला किंवा बोलायला जड जात असेल, तर मायस्थेनिया नावाच्या, स्नायू पटकन दमवणाऱ्या आजाराची तपासणी करून घ्या, तिथे उपचार वेगळे असतात. आणि डोळा चोळल्यावर किंवा धक्का लागल्यावर पापणी एकदम खाली आली तर आतला टाका सुटला असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी फोन करा.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पापणी किती उघडते यापेक्षा ती मिटते का, हे बघा. पापणी वर बसवली की झोपेत फट राहू शकते. तुम्ही झोपल्यावर घरातल्या कुणाला तरी मोबाइलच्या मंद उजेडात खालच्या बाजूनं बघायला सांगा, पांढरी रेघ दिसते का. सुरुवातीला मिमी-दोन मिमी राहणं नवल नाही, हळूहळू ती कमी होते, पण तोवर बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुकतो. सकाळी उठल्यावर टोचणं, धूसर दिसणं ही त्याची खूण. मला रात्री मलम आणि दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले होते. पंख्याची दिशा बदलली. कर्वे रोडच्या धुळीतून ॲक्टिव्हावर जाताना झिरो नंबरचा बाजूनं झाकलेला चष्मा लावायचे आणि विसर्जनाच्या दिवशी गुलालापासून लांब गच्चीवरच राहिले. ढोल ऐकून पाय निघत होते, तरी गेले नाही.

डोळा लाल होऊन उजेड सहन न होणं, बुबुळावर पांढरा ठिपका, पू, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि हे वाचणाऱ्या ज्यांचं ऑपरेशन आज-कालच झालं असेल त्यांच्यासाठी: पहिल्या एक-दोन दिवसांत डोळ्यात तीव्र दुखू लागलं, सूज झपाट्यानं वाढली आणि नजर अंधुक झाली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आत रक्त साचून नजर जाऊ शकते.

तुमचे जुने, ऑपरेशनआधीचे फोटोही शोधा. लग्नातला, आधार कार्डाचा, कोणताही. नव्या फोटोंबरोबर ते पुढच्या भेटीला घेऊन जा आणि डॉक्टर उजव्या पापणीबद्दल काय म्हणाले ते इथे जरूर लिहा, मी वाट बघते.