सोलापूर कोर्टात वकिली करतोय, नोटरी व्हायचंय. शपथ कुठे आणि कोणासमोर घ्यायची?

कुठेच नाही. शपथविधी, जामीनपत्र हे अमेरिकेतल्या नोटरीचं. यूट्यूबवर पाहिलं असेल. आपल्याकडे नोटरी कायदा, 1952 नुसार सरकारच्या नोंदवहीत नाव चढतं आणि प्रमाणपत्र हातात येतं, झालं. शपथ नोटरी घेत नाही, देतो.

अट एकच मोठी: 10 वर्षांची वकिली. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी असाल तर 7. अर्ज केंद्राकडे, म्हणजे दिल्लीच्या विधी मंत्रालयाकडे, किंवा राज्याकडे, म्हणजे मुंबईच्या मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाकडे. सनद (वकिलीचा परवाना) आणि वकिलीचा पुरावा आधीच काढून ठेवा, गाडी तिथेच अडते.

प्रमाणपत्रावर कार्यक्षेत्र लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. क्षेत्र सोलापूर असेल तर ओळखीचं गिऱ्हाईक आहे म्हणून पुण्यात बसून शिक्का मारायचा नाही. शिक्का गोल, 5 सेंटीमीटर व्यासाचा. त्यावर नाव, क्षेत्र आणि नोंदणी क्रमांक. मुदत 5 वर्षं, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी. हे भले भले विसरतात.

खरं काम पुढे आहे. यंत्रमागावरचा तेलुगू बोलणारा कामगार मराठी ॲफिडेव्हिट घेऊन आला, तर मजकूर त्याला समजेल असा सांगा, मगच शपथ द्या, समोर सही घ्या, रजिस्टरला नोंद करा. सही आधीच करून आणलेला कागद सरळ परत पाठवा, आणणारा बार असोसिएशनमधला वकीलमित्र असला तरी.