बीआरएमला नाव नोंदवण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोलापूर सोडून पुण्यात नोकरीला आलीस, रूम ते ऑफिस आणि ऑफिस ते रूम एवढंच चाललंय, शनिवार-रविवार अंगावर येतात, असं लिहिलंयस. आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, ‘ताई, २०० किलोमीटरची बीआरएम, ती ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, मला जमेल का?’ मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी सोपं उत्तर देते. जमेल. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. पंक्चर, जेवण, चहा सगळं धरून ताशी १५ चा वेग पडला की झालं. तू आत्ता सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतेस, तेवढा वेग पुरेसा आहे. सवय हवी ती इतके तास सॅडलवर बसायची. दर रविवारी अंतर थोडं थोडं वाढवत ने. सलग १२० किलोमीटर करून दुसऱ्या दिवशी ऑफिसला नीट जाता आलं, की नाव नोंदव. सायकल नवी घेऊ नकोस, तुझी हायब्रीड चालेल. पैसे खर्च करायचेच असतील तर पुढच्या-मागच्या चांगल्या दिव्यांवर कर, आणि सॅडलची उंची जाणकाराकडून लावून घे. गुडघे त्यावर टिकतात.

आता मुद्द्याचं. हा प्रकार फ्रान्समधून आलेला. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला यायचं, ही राइड पहिल्यांदा १८९१ मध्ये झाली. तेव्हा ती शर्यत होती. आज ती १२०० किलोमीटरची, जास्तीत जास्त ९० तासांची आहे, दर चार वर्षांनी होते, आणि पुढची २०२७ मध्ये आहे. तिथे जायचं तर त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० अशा चारही बीआरएम पूर्ण कराव्या लागतात. वाटेवरच्या गावांतली माणसं घराबाहेर टेबलं मांडून रात्री-अपरात्री सायकलवाल्यांना कॉफी देतात. आपल्याकडूनही दर खेपेला माणसं जातात. तुझ्या मनात आत्ता हे स्वप्न नसेल, पण असं काही आहे हे माहीत असू दे.

बीआरएममध्ये पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत आलेला प्रत्येक जण सारखाच. आणि एक नियम असा आहे की ज्याच्यामुळे मी या खेळात इतकी वर्षं टिकले. वाटेत कंट्रोल पॉइंट असतात, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आत पोचून नोंद करायची ठिकाणं. अशा दोन कंट्रोल पॉइंटच्या मधे बाहेरच्या कोणाचीही मदत घ्यायची नाही. मागे घरच्यांची गाडी नाही, नवऱ्याने मोटारसायकलवरून पाणी आणून द्यायचं नाही. लागेल ते स्वतःजवळ ठेवायचं किंवा वाटेतल्या दुकानातून विकत घ्यायचं. मदत करू शकतो तो फक्त तुझ्यासारखाच घामाघूम होऊन तीच राइड करणारा दुसरा सायकलस्वार. आता विचार कर, असा नियम असला की माणसांचं एकमेकांशी काय होत असेल.

अमेरिकेतल्या रॅमचं, म्हणजे ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या सायकल शर्यतीचं नाव तू ऐकलं असशील. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ४८०० किलोमीटर. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या टीममध्ये ती पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकेकट्याने केली. ही माणसं आपल्याला फार मोठी आहेत. पण तिथे मागे क्रूची, म्हणजे मदतनीसांची गाडी असते, खायला द्यायला, झोपेवर लक्ष ठेवायला माणसं असतात. आपल्या बीआरएममध्ये ते काम अनोळखी सहप्रवाशाकडे येतं, आणि मला हेच जास्त आवडतं.

एक प्रसंग सांगते. ३०० ची राइड होती, साताऱ्याच्या अलीकडे रात्री माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, दोन किलोमीटरवर पुन्हा बसलं. दोन्ही जादा ट्यूब संपल्या. एक जण थांबला. कराडकडचा शिक्षक, आमची ओळख नव्हती. माझ्या हातातला पंप त्याने बाजूला ठेवला आणि म्हणाला, ‘आधी कारण शोधू.’ टायर पूर्ण काढून त्याने आतून अंगठा फिरवला, फार सावकाश, मी टॉर्च धरून उभी. दोन फेऱ्या झाल्या, काही लागेना. तिसऱ्या फेरीत थांबला आणि नखाने एक तार बाहेर ओढली. केसाएवढी. ट्रकची टायरं फुटतात ना, त्यातल्या पोलादी तारा हायवेच्या कडेला पडलेल्या असतात, त्यातली. मग त्याने स्वतःची ट्यूब मला दिली. त्याच्याकडे तेवढी एकच जादा होती. पुढचे शंभर-सव्वाशे किलोमीटर आम्ही एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहून काढले, कारण आता पंक्चर झालं असतं तर दोघांकडेही जादा ट्यूब नव्हती. बोलणं फारसं झालं नाही. आज त्याच्या मुलीच्या ॲडमिशनपासून माझ्या आईच्या आजारपणापर्यंत सगळं आम्हाला एकमेकांचं माहीत असतं.

तू लिहितेस की ऑफिसात सगळे चांगले आहेत, पण मैत्री होत नाही. मैत्रीला नुसत्या गप्पा पुरत नाहीत, असं माझं मत झालंय. दोघांना मिळून काहीतरी निभावून न्यावं लागतं, आणि त्यात दोघांचंही थोडं नुकसान व्हायची शक्यता असावी लागते. त्या शिक्षकाने माझ्यासाठी चाळीस मिनिटं घालवली. पुढचा कंट्रोल बंद व्हायच्या जेमतेम आधी आम्ही पोचलो. हे मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

पण याचा अर्थ कोणाच्या तरी चाकाला चिकटून राहायचं असा घेऊ नकोस. नवीन मुलं हेच करतात. पहिले चाळीस किलोमीटर वेगवान घोळक्यामागे ताणत जातात आणि दुपारी बारा वाजता रस्त्याकडेला बसलेली दिसतात. खंबाटकीचा घाट लागला की आमच्यात पद्धत आहे, ज्याने त्याने आपापल्या दमाने चढायचं आणि वर भेटायचं. चढावर दुसऱ्याच्या वेगाने जायला गेलीस तर दम तुटतो, आणि दुसऱ्याला आपल्यासाठी रेंगाळायला लावलंस तर त्याचे पाय आखडतात. त्या वीस-पंचवीस मिनिटांत तू असतेस, तुझा श्वास असतो आणि मनातलं ‘उतरू या का?’ असतं. तिथे कोणी मदतीला येत नाही आणि येऊही नये. वर पोचल्यावर कोणीतरी केळं पुढे करतं, ते मात्र घ्यायचं.

खाण्यावरून आठवलं. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी पी. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर, आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी. नुसतं पाणी ढोसत राहू नकोस. महागडी एनर्जी जेल पहिल्या राइडला नकोतच, पोटाला सवय नसते.

३०० पासून पुढे रात्र येते. दिवे, परावर्तक जॅकेट, हेल्मेट यात तडजोड नाही. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यांत वाईट. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. तेव्हा सोबतच्याला ‘मला झोप येतेय’ असं सांगता आलं पाहिजे. हे वाक्य भल्याभल्यांना जड जातं. ज्यांच्यासमोर ते सहज बोलता येईल आणि जे लगेच पेट्रोल पंपाच्या उजेडात थांबून ‘पंधरा मिनिटं पड, मी उठवतो’ म्हणतील, अशांबरोबरच रात्र काढ. बाकी कितीही वेगवान असोत, त्यांना पुढे जाऊ दे.

ग्रुप निवडतानाही हेच बघ. रविवारी त्यांच्याबरोबर जा आणि मुद्दाम मागे राहा. कोण वळून बघतं, चौकात कोण थांबतं, ते कळेल. राइड सोडलेल्या माणसाबद्दल ते कसं बोलतात तेही ऐक. डीएनएफ (‘डिड नॉट फिनिश’, राइड अर्धवट राहिलेला) झालेल्याची टिंगल करणारा ग्रुप मला चालत नाही. कधी गुडघा बोलतो, कधी ऊन लागतं, कधी मन नसतं. ६०० ला चाळीस तास असतात, त्यात चांगल्या चांगल्यांना अर्ध्यात बस धरावी लागते. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून ‘जेवलास का’ विचारणारी माणसं शोध. आणि तसा फोन तू पण करत जा, नवीन असलीस तरी. नव्या शहरात आपल्याला कोणी विचारत नाही असं वाटतं तेव्हा आपण आधी विचारायला सुरुवात करावी, एवढं तुझ्या हातात आहे.

तुझ्या आईची काळजी मला समजते. मुलगी रात्री हायवेवर, हे ऐकून कोणत्याही आईच्या पोटात गोळा येईल. २०० ची बीआरएम पहाटे निघून संध्याकाळी संपते, हे त्यांना आधी सांग. पुढचं पुढे. बाथरूमसाठी मोठे पेट्रोल पंप आणि कुटुंबं थांबतात ते ढाबे आधीच नकाशावर खुणा करून ठेव. पाळीच्या दिवसांत राइड आली तर त्या महिन्यातली सोडायला हरकत नाही, करायलाही हरकत नाही, शरीराचं ऐक. बायका आम्ही थोड्या आहोत, पण आता दर राइडला दिसतो, आणि सुरुवातीच्या रांगेत एकमेकींना हटकून ओळख करून घेतो.

येत्या रविवारी सकाळी सहाला तुझी सायकल घेऊन माझ्याकडे ये. सॅडल बघू, आणि मागचं चाक माझ्यासमोर तीनदा काढून बसवायचं आहेस, तारही शोधायची आहेस. मी टायरमध्ये खोचून ठेवीन. आईंचा नंबर पाठव, मी त्यांच्याशी बोलते.

तुझी,
ताई